कुंडीतला कढीपत्ता पिवळा पडतोय, पानं गळतायत, वाढतच नाहीये: काय आधी बघायचं आणि काय नंतर

कढीपत्त्याची तक्रार सगळीकडून एकच येते. नर्सरीतून आणला तेव्हा हिरवागार होता, दोन-तीन महिन्यांत पिवळा पडला आणि आता नुसत्या काड्या उरल्यात. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत, नातेवाइकांकडे, ओळखीच्यांकडे अशी बरीच झाडं मी मार्गी लावली आहेत, आणि त्यावरून माझं ठाम मत झालंय की बहुतेक वेळा झाड उपाशी नसतं, त्याच्या मुळांना हवा मिळत नसते. आपण मात्र पिवळं पान दिसलं की खत घालतो, वर ताक ओततो, मग अजून पिवळं होतं, मग अजून खत. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो पाळा, फुकटातलं आधी, मग थोड्या खर्चाचं, आणि कुंडीतून झाड बाहेर काढणं सगळ्यात शेवटी.

आधी लक्षणं ओळखा

झाडाला हात लावायच्या आधी दिवसाउजेडी पाच मिनिटं नुसतं बघा. एक गोष्ट लक्षात ठेवा, आपण ज्याला काडी म्हणतो ती पूर्ण काडी म्हणजे कढीपत्त्याचं एक पान, आणि तिच्यावर साधारण ११ ते २१ छोट्या पानोळ्या असतात. त्यामुळे अख्खी काडी देठातून गळली तर ते एकच पान गळलंय, फांदी मेलेली नाही.

- खालच्या जुन्या काड्या सरसकट पिवळ्या आणि शेंडा बरा दिसतोय: नत्र कमी पडतंय, किंवा ते पान म्हातारं झालंय. एखाद-दुसरी काडी असेल तर काहीच करू नका.
- शेंड्याकडची नवी पानं फिकट पिवळी, पण शिरा हिरव्या: लोह कमी पडतंय, बोअरच्या पाण्यावर हे फार दिसतं.
- जुन्या पानांत शिरांच्या मधला भाग पिवळा आणि मधल्या शिरेजवळ हिरवं: मॅग्नेशियम कमी पडतंय.
- झाड सगळीकडून पिवळं, बोट लागलं तरी पान गळतं, आणि माती ओली: मुळं गुदमरलीत. हे सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात धोक्याचं.
- पानांची टोकं करपलेली, मातीवर पांढरा थर: क्षार साचलेत.
- पानं चिकट, त्यावर काळी काजळी, खोडावर मुंग्यांची ये-जा: कीड आहे, मुंग्या तिच्यासाठीच येतात.
- पानं कडेनं खाल्लेली किंवा रातोरात काडी साफ: अळी.
- पावसाळ्यात तपकिरी-काळे ठिपके: बुरशी.
- रंग ठीक, पण महिनोन्‌महिने एक इंचसुद्धा वाढ नाही: थंडी, सावली, नाहीतर कुंडी लहान पडतेय.

दोन-तीन लक्षणं एकत्र असू शकतात, तेव्हा गोंधळून जाऊ नका, खाली दिलेलं एकेक क्रमानं तपासत चला.

पहिलं: कॅलेंडर बघा

हे हसण्यावारी नेऊ नका. कढीपत्ता उष्ण हवेतलं झाड आहे, रात्रीचं तापमान साधारण १५-१६ अंशांच्या खाली राहायला लागलं की तो झोपतो. पुणे, नाशिक, नागपूर, संभाजीनगर इकडे डिसेंबर-जानेवारीत पानं पिवळी पडून गळणं यात आजार काही नाही. मुंबईत, कोकणात, गोव्यात हे फारसं जाणवत नाही, म्हणून रत्नागिरीची मावशी म्हणते आमचा तर बारा महिने हिरवा असतो आणि नाशिकची भाची काळजी करत बसते. झोपलेल्या झाडाला खत दिलं तर ते घेणार कसं, ते मातीतच पडून राहतं आणि मुळांना त्रास होतो. थंडीत फक्त पाणी कमी करा, छाटू नका, कुंडी बदलू नका. फेब्रुवारीच्या शेवटी उन्हं तापायला लागली की शेंड्याला लालसर-हिरवे कोंब दिसतात. मार्चच्या शेवटापर्यंत ते दिसले नाहीत तर मात्र पुढचं तपासा.

तुम्ही परदेशात थंड देशात असाल तर रात्र १० अंशांवर यायच्या आतच झाड घरात घ्या, खिडकीत, हीटरच्या थेट झोतात नको.

दुसरं: बोट खुपसा

खरा रोग इथे सापडतो. मातीत बोट दोन पेरं आत घाला. वरचा थर कोरडा दिसतो म्हणून रोज तांब्या ओतला जातो आणि आत दोन इंचांवर चिखल असतो. बोटाला ओलं लागलं तर पाणी द्यायचंच नाही, मग कितीही ऊन असो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मूळ कुजतं, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून झाड सुकल्यासारखं दिसतं, म्हणून आपण अजून पाणी घालतो. या चक्रात चांगली चांगली झाडं गेलेली मी बघितलीत आणि खरंच वाईट वाटतं, कारण पाणी घालणारा माणूस मनापासून काळजी घेत असतो.

याच्या उलटही होतं. नर्सरीतली पिशवी बहुतेक वेळा नुसत्या लाल मातीची असते, ती वाळली की कडक गोळा होतो आणि कुंडीच्या कडेपासून सुटतो. तुम्ही पाणी घातलं की ते कडेच्या फटीतून सरळ खालच्या भोकातून बाहेर, आपल्याला वाटतं मस्त निचरा आहे, आणि मधला गोळा ठार कोरडा. ओळखायचं कसं, तर पाणी घातल्या घातल्या धो धो बाहेर येतं आणि कुंडी उचलली तर हलकी लागते. अशा वेळी अख्खी कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा आणि नीट निथळू द्या. नंतर वरची एक-दीड इंच माती खुरप्यानं हलकी करून त्यात गांडूळखत मिसळा म्हणजे पाणी मुरायला लागेल.

पाणी किती दिवसांनी द्यायचं याला एक उत्तर नाही. मे महिन्यात गच्चीवर रोज लागेल, जुलैमध्ये आठ-आठ दिवस नाही लागणार. बोट सांगेल तसं.

तिसरं: कुंडीखालची डिश आणि भोक

डिश काढून टाका, निदान पावसाळ्यात तरी. डिशमध्ये पाणी साचलं म्हणजे कुंडीचं बूड कायम पाण्यात. मग कुंडी आडवी करून भोक बघा, बऱ्याच प्लास्टिकच्या कुंड्यांना भोकं नुसती आखलेली असतात, पाडलेली नसतात, हे मी अनेक घरी बघितलंय. भोक असेल पण मुळांनी बुजलं असेल तर एक काडी घालून मोकळं करा. आणि कुंडी दोन विटांवर ठेवा, खालून हवा खेळते.

चौथं: ऊन

रोज ५-६ तास थेट ऊन हवं, उजेड वेगळा आणि ऊन वेगळं. उत्तरेच्या बाल्कनीत हे झाड तग धरतं पण पानं विरळ आणि लांब होतात, वासही कमी येतो. दुसरी जागा नसेल तर कढीपत्त्याचा हट्ट सोडून तिथे पुदिना लावा, तो कमी उन्हात बरा चालतो.

पाचवं: पान उलटं करून बघा

कढीपत्ता हा लिंबू, संत्रं, बेल यांच्या कुळातला, त्यामुळे लिंबावर येणाऱ्या बऱ्याच किडी याच्यावर येतात. खोडावर आणि देठांवर तपकिरी बारीक फुगवटे दिसतायत आणि नखानं खरवडले तर निघतायत? ती खवले कीड. पांढरा कापसासारखा पुंजका म्हणजे पिठ्या ढेकूण. दोन्ही रस शोषतात, गोड चिकट द्रव सोडतात, त्यावर काळी बुरशी वाढते आणि मुंग्या येतात. नुसत्या मुंग्या मारून उपयोग नाही.

खर्च न करता करायचं ते असं, जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून खोड घासून काढा, मग जोरात पाण्यानं धुवा. एवढ्यानंच अर्धी कीड जाते. नंतर १ लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या लिक्विडचे काही थेंब, खूप हलवून, संध्याकाळी फवारा, पानांच्या मागच्या बाजूनं सुद्धा. आठवड्याच्या अंतरानं तीनदा करायचं, कारण अंड्यांवर औषध चालत नाही, नंतर बाहेर येणारी पिल्लं पुढच्या फवारणीत सापडतात. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. फवारल्यावर आठवडाभर पानं फोडणीत घालू नका आणि नंतरही धुऊनच घ्या.

शेंड्याची कोवळी पानं वेडीवाकडी गुंडाळलेली असतील आणि त्यावर बारीक उड्या मारणारे किडे असतील तर ती सिट्रस सिल्ला. ही कीड लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग नावाचा रोग पसरवते, म्हणूनच अमेरिकेत बाहेरून ताजा कढीपत्ता नेऊ देत नाहीत. नागपूर-अमरावतीकडे कोणाच्या परसात कढीपत्ता आणि शेजारी संत्र्याची बाग असेल तर सिल्लाकडे अजिबात दुर्लक्ष करू नका, गुंडाळलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाका आणि मग कडुनिंब फवारा.

अळी असेल तर औषध नकोच. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते म्हणून नजरेतून सुटते, मोठी झाली की हिरवी. डिवचली तर डोक्यामागून लाल शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते आणि वास सोडते, ती चावत नाही. लिंबावरच्या फुलपाखराची अळी आहे ही. हातानं उचला आणि बाहेर एखादं मोठं लिंबाचं झाड असेल तर तिथे सोडा. तुमचं झाड कमरेएवढं असेल तर दोन-चार अळ्यांनी त्याचं काही बिघडत नाही, लहान रोपाला मात्र एक अळी पुरते.

आणि हे कळकळीनं सांगते, कृषी सेवा केंद्रातून आंतरप्रवाही कीटकनाशक आणून कढीपत्त्यावर मारू नका. ते झाडाच्या रसात जातं, पान धुतलं तरी निघत नाही, आणि हे पान आपण रोज खातो. भारतातून युरोपात जाणाऱ्या कढीपत्त्याची कीटकनाशकांच्या अंशासाठी जादा तपासणी करतात, इतका हा प्रश्न मोठा आहे. घरी लावायचं एक कारण तेच ना, की त्यावर काय मारलंय ते आपल्याला माहीत असावं.

पावसाळी ठिपक्यांना वेगळं काही लागत नाही, ठिपकेवाली पानं तोडून कचऱ्यात टाका, कुंडीत नको, आणि पाणी पानांवर न मारता मुळाशी द्या.

सहावं: एका पिशवीत किती रोपं आहेत ते मोजा

नर्सरीवाले पिशवी भरगच्च दिसावी म्हणून एकात चार-सहा रोपं लावतात. आपल्याला ते एक झुडूप वाटतं. सगळी एकाच जागेत भांडतात आणि एकही मोठं होत नाही. ओढून वेगळी करायला जाऊ नका, मुळं गुंतलेली असतात आणि सोटमूळ तुटलं की कढीपत्ता सहसा वाचत नाही. सगळ्यात जोमदार एक किंवा दोन ठेवा, बाकीची मातीलगत कात्रीनं कापा. जिवावर येतं, माहितीये, पण कापलेली पानं स्वयंपाकात वापरा आणि उरलेल्या झाडाला जागा मिळू द्या.

फुलांचे आणि फळांचे झुपके येत असतील तर तेही लहान झाडावरून खुडा, ताकद पानांकडे जाते.

सातवं: पाणी कुठलं घालताय

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर हे वाचा. बोअरचं जड पाणी वर्षभर घातलं की माती हळूहळू अल्कधर्मी होते, आणि अशा मातीत लोह असलं तरी मुळांना घेता येत नाही. म्हणजे मातीत लोह आहे पण कुलूपबंद. आरओ फिल्टरचं बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून बरेच जण कुंड्यांना घालतात, हेतू चांगला आहे पण त्या पाण्यात क्षार साध्या पाण्यापेक्षा जास्त असतात, ते फरशी पुसायला वापरा, कढीपत्त्याला रोज नको.

मातीवर पांढरा थर असेल तर वरची इंचभर माती काढून टाका आणि कुंडीच्या मापाच्या दोन-तीन पट साधं पाणी सावकाश ओतून खाली वाहू द्या. पावसाचं पाणी यासाठी सगळ्यात उत्तम, जूनमध्ये बाल्कनीतली कुंडी दोन दिवस उघड्यावर ठेवली तरी फरक दिसतो.

मग लोह. चिलेटेड आयर्नची, म्हणजे झाडाला सहज घेता येणाऱ्या लोहाची, छोटी पुडी मिळते, पाकिटावर दिलेल्या प्रमाणात पानांवर फवारा. किंवा हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, १ लिटरला २ ते ३ ग्रॅम, संध्याकाळी, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा, आणि इथेही आठवडाभर पानं तोडायची नाहीत. हिराकसचे थेंब फरशीवर पडले तर गंजाचे डाग पडतात आणि जाता जात नाहीत, खाली पेपर पसरा. पिवळी झालेली जुनी पानं पुन्हा गडद होतीलच असं नाही, नवीन येणारा कोंब हिरवा आला की समजा जमलं. मॅग्नेशियमवालं लक्षण असेल तर एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, लिटरला एक छोटा चमचा, तसंच फवारायचं. दोन्ही एकदम करू नका, नाहीतर कशानं गुण आला ते कळणार नाही.

आठवं: आता खत, आणि ताकाबद्दल

वरचं सगळं बघून झालं, माती मोकळी आहे, हवा उबदार आहे, तरच खत. १२ इंची कुंडीला महिन्यातून एकदा दोन मुठी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, कडेनं, खोडाला न चिकटवता. कच्चं शेण अजिबात नको, कुजताना उष्णता धरतं.

ताक. मला माहितीये की हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या आजीनं ताक घालायला सांगितलंय, आणि त्यात तथ्य आहे, आंबट ताकानं मातीचा अल्कपणा किंचित कमी होतो आणि थोडं नत्रही मिळतं. पण बिनमिठाचं हवं, एक वाटी ताकाला आठ-दहा वाट्या पाणी, पंधरा-वीस दिवसांतून एकदा, आणि फक्त निचरा होणाऱ्या मातीत. ओल्याकच्च कुंडीत घट्ट ताक ओतलं की वर साय धरते, बारीक माश्या होतात आणि मुळांची उरलीसुरली हवा पण बंद होते. ताकानं चांगलं झाड अजून चांगलं होतं, आजारी झाड बरं होत नाही.

नववं: जिवंत आहे का ते तपासा, मग कुंडी बदला

पूर्ण काड्या उरल्या असतील तर नखानं खोडाची साल जराशी खरवडा. आत हिरवं ओलसर असेल तर जीव आहे. शेंड्याकडून सुरू करून खाली या, जिथे हिरवं लागेल त्याच्या जरा वर धारदार कात्रीनं कापा. मातीलगतसुद्धा तपकिरी कोरडं असेल तर ते गेलं.

जीव आहे पण भोकातून मुळं बाहेर आलीत, किंवा मातीला कुजका वास येतोय, तरच झाड बाहेर काढा. योग्य वेळ म्हणजे फेब्रुवारी-मार्च किंवा पाऊस स्थिरावल्यावर जून-जुलै. भर मे महिन्यात किंवा थंडीत नको. मुळं कुजत असतील तर मात्र मुहूर्त बघत बसू नका.

मुळं पांढरट-फिकट आणि टणक असतील तर गोळा न फोडता तसाच नव्या कुंडीत. काळी, मऊ, ओढली की साल हातात येणारी मुळं कापून टाका, कात्री मधेमधे डेटॉलच्या पाण्यानं पुसा, आणि जितकी मुळं गेली त्या मानानं वरच्या फांद्याही छाटा, कारण उरलेली मुळं एवढ्या पानांना पाणी पुरवू शकणार नाहीत. मिश्रण साधारण दोन भाग बागेची माती, एक भाग कुजलेलं खत, एक भाग जाड वाळू. समुद्राची वाळू नको, खारट असते. नवी कुंडी आधीपेक्षा दोन-तीन इंचच मोठी घ्या, लहान रोप एकदम मोठ्या ड्रममध्ये लावलं की भोवतालची माती कित्येक दिवस ओलीच राहते आणि पुन्हा तेच चक्र. एकदा भरपूर पाणी, मग आठ-दहा दिवस सावलीत, महिनाभर खत नाही.

नवीन फूट येऊन ती वीतभर होईपर्यंत पानं तोडू नका. नंतर तोडताना सुट्या पानोळ्या ओरबाडू नका, अख्खी काडी देठापासून घ्या, आणि अधूनमधून शेंडा खुडा, तिथून दोन फांद्या फुटतात.

कुठे थांबायचं आणि कोणाला विचारायचं

मुळं कापून कुंडी बदलली, हवा उबदार आहे, आणि महिना-दीड महिन्यात एकही कोंब नाही, खोडही तपकिरी होत चाललंय, तर थांबा. अजून औषधं आणू नका, नवीन रोप त्याहून स्वस्त पडतं. जुनी माती दुसऱ्या कुंडीत मिसळू नका.

एकाच्या पाठोपाठ दुसऱ्या कुंडीतली झाडंही मरायला लागली, किंवा मुळांवर पांढरे बुरशीचे धागे दिसले, तर घरगुती उपाय बंद करा. तुमच्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात दाखवा. राहुरी, दापोली, अकोला, परभणी ही चार कृषी विद्यापीठं आहेत आणि त्यांची महाविद्यालयं राज्यभर आहेत. माती-पाणी परीक्षणही तिथे होतं, लोहाचा प्रश्न दोन फवारण्यांनी सुटला नाही तर अंदाजानं काही घालण्यापेक्षा ते करून घ्या.

जमिनीतलं मोठं झाड असेल, खोडाला भोकं आणि भुसा दिसतोय, डिंक गळतोय, फांद्या विजेच्या तारेला लागतायत, तर स्वतः वर चढू नका, अनुभवी माळी बोलवा. शहरात झाड मुळापासून काढायचं असेल तर १९७५ च्या झाडं जतन करण्याच्या कायद्याप्रमाणे आधी महापालिकेची परवानगी लागते का ते वॉर्ड ऑफिसात विचारा. आणि गच्चीवर १८ इंची कुंडी ओल्या मातीसकट ६०-७० किलो सहज भरते, अशा कुंड्यांखालच्या स्लॅबला ओल आली असेल तर कुंड्या हलवा आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला दाखवा, तिथे माळ्याचं काम नाही.

तपासायला नमुना नेताना नुसतं एक पिवळं पान नेऊ नका. अर्धवट आजारी फांदी, थोडी मुळं आणि ओंजळभर माती वेगवेगळ्या कागदात गुंडाळून न्या, प्लास्टिकमध्ये घाम धरून पोचेपर्यंत सगळं कुजतं. सोबत पाणी कुठलं घालता, शेवटचं खत कधी आणि काय दिलं, कुंडी कधी बदलली हे लिहून न्या, आणि काही फवारलं असेल तर त्याचं पाकीट पण.